छायाचित्रकार राजा दीनदयाळ : काचेवर कोरलेले स्मारक

मंदिराच्या सभामंडपात, धर्मशाळेच्या प्रवेशद्वारी आणि पाठशाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या बसवण्याची परंपरा जैन समाजात फार जुनी आहे. दात्याचे नाव, त्याचे मूळ गाव आणि संवत एवढाच त्यावरचा मजकूर. परंतु त्या दोन ओळींमुळे तीन-चार पिढ्यांनंतरही पूर्वजांचे पुण्यस्मरण घडते. थोर व्यक्ती ज्या घरात राहिली, त्या घराच्या भिंतीवर तिच्या नावाची पाटी लावण्याची प्रथाही आता जगभर रूढ झाली आहे. रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबतो, नाव वाचतो आणि त्या व्यक्तीच्या कार्यापुढे मनोमन नतमस्तक होतो.

एकोणिसाव्या शतकातील भारताचे श्रेष्ठ छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे आयुष्य मात्र एका घरात मावणारे नव्हते. सरधना येथे जन्म, रुडकी येथे शिक्षण, इंदूरला नोकरी, सिकंदराबाद व हैदराबाद येथे कीर्तीचा मध्यान्ह आणि मुंबईत व्यवसायाचा विस्तार, असा त्यांचा प्रवास झाला. या प्रवासात त्यांनी आपले खरे स्मारक स्वतःच्या हातांनी घडवून ठेवले. ते दगडावर नसून काचेवर आहे. काचेच्या हजारो निगेटिव्हांवर त्यांनी तत्कालीन हिंदुस्थानातील मंदिरे, किल्ले, राजवाडे, संस्थानिक, स्त्रिया, सैनिक आणि दुष्काळाने गांजलेली सामान्य माणसेही टिपून ठेवली. जैन कुळात जन्मलेल्या या कर्तृत्ववान पुरुषाचा परिचय नव्या पिढीला व्हावा, हे अत्यंत उचित होय.

जन्म व शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म इ. स. १८४४ मध्ये उत्तर प्रदेशातील मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. त्यांचे कुटुंब जैन, आणि घरात जवाहिरांचा व्यवसाय. रत्नपारखी माणसाची नजर बारीक असावी लागते. खड्यातील सूक्ष्म दोष आणि त्याच्या पैलूंवरून परावर्तित होणारा प्रकाश ज्याला कळतो, तोच या व्यवसायात टिकतो. दीनदयाळ यांनी वाडवडिलांचा व्यवसाय पुढे चालवला नाही. परंतु प्रकाशाची ती पारख पुढे त्यांच्या कामात पदोपदी दिसून आली.

घरच्या पेढीवर न बसता या तरुणाने रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजची वाट धरली. १८४७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज आय. आय. टी. रुडकी या नावाने प्रसिद्ध आहे. गंगेचा कालवा, रस्ते, पूल यांसाठी लागणारे प्रशिक्षित मनुष्यबळ तेथे तयार होत असे. मोजमाप, आरेखन आणि बांधकामाचा अंदाज काढणे या विद्या दीनदयाळ यांनी तेथे आत्मसात केल्या. १८६६ मध्ये शिक्षण संपवून ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत अंदाजपत्रके व आराखडे तयार करणारे कर्मचारी म्हणून रुजू झाले. सुरक्षित नोकरी, ठराविक पगार आणि प्रतिष्ठा या तीन गोष्टी मिळाल्या की बहुतेकांचे जीवनध्येय पूर्ण होते. दीनदयाळ यांचे खरे कार्य त्यानंतर सुरू झाले.

इंदूरमध्ये छायाचित्रणाचा श्रीगणेशा

१८७४ च्या सुमारास दीनदयाळ यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. इंदूरचे अधिपती महाराजा तुकोजीराव होळकर (द्वितीय) हे त्यांचे पहिले मोठे आश्रयदाते. महाराजांमुळे त्यांची ओळख मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांच्याशी झाली. इंदूरच्या प्रसिद्ध डॅली कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते हेच गृहस्थ. या दोघांच्या प्रोत्साहनामुळे छंदाचे रूपांतर हळूहळू व्यवसायात होऊ लागले. १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या भेटीची आणि १८७५-७६ मध्ये ब्रिटिश युवराजांच्या भारत दौऱ्याची छायाचित्रे त्यांनी काढली. कचेरीतील एका कर्मचाऱ्याचे नाव आता राजेरजवाड्यांच्या दरबारात घेतले जाऊ लागले.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे काय दिव्य होते, याची आजच्या पिढीला कल्पना येणे कठीण आहे. आज खिशातील मोबाइलने क्षणात शेकडो चित्रे घेता येतात. त्या वेळी प्रत्येक चित्रासाठी काचेची एक जड प्लेट लागे. जुन्या ओल्या पद्धतीत ही काच प्रथम कलोडियन नावाच्या चिकट द्रावणाने माखावी लागे. मग ती अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावी लागे आणि चित्र घेतल्यावर ती सुकण्यापूर्वीच रसायनांनी धुवावी लागे. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागत असल्यामुळे छायाचित्रकाराला आपली अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. मध्य भारतातील उन्हाळ्यात रसायने बिघडत, धूळ काचेवर बसे, आणि बैलगाडीच्या एका हिसक्याने महिनाभराच्या श्रमांचा चुराडा होण्याची भीती असे. पुढे तयार कोरड्या प्लेटा मिळू लागल्याने काम सोपे झाले. परंतु काचेचे वजन, ती फुटण्याचा धोका आणि बिनरस्त्याचा मुलूख ही संकटे कायम होती.

मध्य भारतातील वास्तुवैभवाचा शोध

दीनदयाळ यांच्यातील साहसी प्रवाशाचे खरे दर्शन १८८२-८३ मध्ये घडले. मध्य भारताचे नवे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंड आणि परिसराचा दौरा केला. सांची, ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया या ठिकाणांची नावे आज प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक आहेत. त्या वेळी मात्र यांतील अनेक स्थळे झाडाझुडपांनी वेढलेली आणि रेल्वेपासून दूर होती. अशा ठिकाणी काचेच्या पेट्या, जड कॅमेरे व रसायनांच्या बाटल्या घेऊन दीनदयाळ पोहोचले. या दौऱ्यातील छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील सुप्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात प्रसिद्ध झाली.

हा सारा प्रदेश जैन परंपरेच्या दृष्टीनेही अत्यंत समृद्ध आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यांत कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती, खजुराहोच्या पूर्व समूहातील पार्श्वनाथ व आदिनाथ मंदिरे, दतियाजवळील सोनागिर सिद्धक्षेत्र ही त्यातील ठळक उदाहरणे होत. ज्या भूमीत ही धर्मस्थळे उभी आहेत, तिच्या वास्तुवैभवाचे पद्धतशीर चित्रण करणाऱ्या आरंभीच्या भारतीयांमध्ये एका जैन गृहस्थाचे नाव अग्रभागी असावे, हा सुखद योग म्हटला पाहिजे.

वास्तूंच्या या छायाचित्रांत दीनदयाळ यांचे रुडकीतील शिक्षण स्पष्ट दिसते. इमारतीचे खांब सरळ उभे राहतील, शिखराचा तोल ढळणार नाही आणि नक्षीकामाचा प्रत्येक थर उठून दिसेल अशा रीतीने कॅमेऱ्याची जागा निवडलेली आहे. पुष्कळ चित्रांत एखादी व्यक्ती दाराजवळ किंवा पायरीवर उभी वा बसलेली आढळते. त्यामुळे वास्तूच्या उंचीचा अंदाज पाहणाऱ्याला चटकन येतो. आराखडा तयार करणाऱ्याची शिस्त आणि कलावंताची दृष्टी यांचा हा सुंदर मिलाफ होय.

याखेरीज त्यांच्या कामाची आणखी एक पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. अनेक छायाचित्रांच्या खालच्या कडेला त्यांनी क्रमांक, स्थळाचे नाव व आपले नाव लिहून ठेवले. हे काम वरवर क्षुल्लक वाटते. पण चित्र काढणाऱ्याला स्थळ आठवत असले, तरी शंभर वर्षांनी ते पाहणाऱ्याला कोण सांगणार? दीनदयाळ यांनी त्या अनोळखी वाचकाचा विचार आधीच करून ठेवला होता.

हैदराबादचे वैभव

१८८० च्या दशकाच्या मध्यास दीनदयाळ यांनी सरकारी नोकरीचा त्याग केला. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने निवृत्तिवेतनाची शाश्वती सोडून संपूर्णपणे नव्या कलेच्या भरवशावर प्रपंच चालवायचे ठरवावे, हे धाडस जंगलातील प्रवासापेक्षा लहान नव्हते. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे अधिकृत छायाचित्रकार झाले. त्याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकाराचे पदही त्यांना लाभले. सिकंदराबाद व हैदराबाद येथे त्यांचे स्टुडिओ उभे राहिले आणि राजा दीनदयाळ अँड सन्स हे नाव साऱ्या हिंदुस्थानात गाजू लागले. निजामाने त्यांना राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब बहाल केला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. निजामाने त्यांच्या कलेवर उर्दूत एक शेरही रचला होता, असे सांगितले जाते. पुढे राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही त्यांना छायाचित्रकार म्हणून सन्मानपत्र मिळाले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या छायाचित्रांचा गौरव झाला. गुजरातचे विद्वान वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे तत्त्वज्ञान ज्या सर्वधर्म परिषदेत मांडले, ती परिषदही त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

हैदराबादेत त्यांनी चारमिनार, गोवळकोंडा, फलकनुमा राजवाडा, दरबार, मिरवणुका, लष्करी कवायती, शाळा, दवाखाने असे संस्थानाचे सर्वांगीण चित्रण केले. निजामाच्या राज्यातील वेरूळची लेणीही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपली. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा यांसारख्या जैन लेण्यांमुळे वेरूळ महाराष्ट्रातील जैन बांधवांना अत्यंत जवळचे आहे.

स्त्रियांसाठी त्यांनी केलेली सोय तर त्या काळाच्या फार पुढची होती. प्रतिष्ठित घराण्यांतील पडदानशीन स्त्रियांना परपुरुषासमोर बसून छायाचित्र काढून घेणे अशक्य होते. ही अडचण ओळखून १८९२ च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ सुरू केला. तेथील व्यवस्था एका इंग्रज महिलेकडे सोपवलेली होती. स्त्रियांच्या मर्यादेला धक्का न लावता त्यांची प्रतिमा जपण्याचा हा मार्ग त्यांनी व्यवहारचातुर्य आणि सौजन्य या दोहोंच्या बळावर काढला.

१८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. युरोपियन व्यावसायिकांचे वर्चस्व असलेल्या या महानगरात एका भारतीय छायाचित्रकाराची इतकी सुसज्ज पेढी उभी राहणे, ही त्या काळी अभिमानाची गोष्ट होती. ज्ञानचंद व धर्मचंद हे त्यांचे दोन्ही पुत्र या कामात त्यांच्या हाताशी होते.

दरबार, शिकार आणि दुष्काळ

दरबारी छायाचित्रकाराला आपल्या धन्याचे वैभव टिपावे लागते. निजामाच्या राज्यात मोठ्या पाहुण्यांसाठी शिकारीचे बेत आखले जात. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन हैदराबाद संस्थानात आले असता, मारलेल्या वाघासह त्यांचे घेतलेले छायाचित्र आज जगभरच्या पुस्तकांत आढळते. ते राजा दीनदयाळ यांच्या पेढीचे आहे. ज्या कुळात सूक्ष्म जीवांचीही हिंसा टाळण्याचे संस्कार लहानपणापासून होतात, त्या कुळातील पुरुषाच्या नावावर असे चित्र असावे, हे पाहून आजच्या जैन वाचकाचे मन अस्वस्थ होते. हा विरोध झाकून ठेवण्याचे कारण नाही. चरितनायकाचा गौरव करताना त्याच्या जीवनातील अवघड बाजूही पाहिली, तरच त्या गौरवाला अर्थ राहतो. दीनदयाळ यांनी व्यवसायाचे कर्तव्य म्हणून जे टिपले, ते आज वेगळ्याच अर्थाने बोलू लागले आहे. वाघांची संख्या घटत गेली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आणि पराक्रमाची निशाणी म्हणून काढलेली ती छायाचित्रे त्या निर्दय छंदाविरुद्धची साक्ष ठरली.

त्याच कॅमेऱ्याने दुसरे एक दृश्यही टिपले, आणि महाराष्ट्राने ते विसरता कामा नये. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ छप्पनिया या नावाने मारवाडी व गुजराती घरांतून आजही ओळखला जातो. निजामाच्या राज्यातील औरंगाबाद परिसर, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या आपत्तीत होरपळून निघाला. तेथे चाललेल्या मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या पेढीने काढली. संस्थानाने केलेल्या लोकोपयोगी कामांची नोंद व्हावी, हा त्यामागचा दरबारी हेतू होता. परंतु काचेला हेतू कळत नाही. तिच्यासमोर जे असते ते ती ग्रहण करते. मदतीसाठी आलेल्या माणसांचे खंगलेले देह आणि विझलेले डोळे त्या चित्रांत कायमचे राहिले. राजेरजवाड्यांच्या चित्रांखाली त्यांची नावे व किताब आहेत. या गर्दीतील माणसांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत. तरीही ती मराठवाड्यातीलच कुणाचे तरी पणजोबा आणि कुणाची तरी पणजी होती. फलकनुमाच्या झगमगाटाइतक्याच स्पष्टपणे ही माणसेही ज्याच्या संग्रहात दिसतात, त्याचे कार्य केवळ दरबारी स्तुतीचे म्हणून बाजूला सारता येत नाही.

अखेरची वर्षे

१९०३ च्या दिल्ली दरबाराचे चित्रण हे पेढीच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक होते. त्यानंतर कुटुंबावर दुःखाचा आघात झाला. १९०४ मध्ये धर्मचंद यांचे निधन झाले. पुत्रवियोगाच्या दुसऱ्याच वर्षी, १९०५ च्या जुलै महिन्यात, राजा दीनदयाळ यांनीही इहलोकीची यात्रा संपवली. वयाच्या तिसाव्या वर्षी कॅमेरा हाती घेतलेल्या या कलावंताने उरलेली तीन दशके त्या एकाच साधनेला वाहिली होती. ज्ञानचंद यांनी पेढीचे काम पुढे चालवले; पण काळ बदलत होता. हातात मावणारे स्वस्त कॅमेरे आले. १९११ मध्ये मीर महबूब अली खान यांचेही निधन झाले आणि जुन्या आश्रयाचे दिवस संपले. एके काळी ज्या स्टुडिओपुढे नबाबांच्या बग्ग्या थांबत, त्याचे वैभव हळूहळू मावळत गेले.

काचेवरचे स्मारक

व्यवसाय संपला, तरी काचेच्या निगेटिव्ह उरल्या. काच ही जात्याच नाजूक वस्तू. ओल, उष्णता, बुरशी आणि जागेची अडचण, हे तिचे शत्रू. अनेक छायाचित्रकारांच्या जुन्या काचा पुढे धुऊन खिडक्यांना बसवल्या गेल्या किंवा रद्दीत गेल्या. राजा दीनदयाळ यांचा मोठा संग्रह मात्र त्यांच्या वंशजांनी सांभाळला. १९८९ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आपल्या ताब्यात घेतल्या. २०१० मध्ये या केंद्राने त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि २०१३ मध्ये दीपाली दिवाण व डेबोरा हटन या विदुषींचा त्यांच्यावरील विस्तृत इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २००६ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले होते. भिंतीवरची पाटी एकाच गल्लीत वाचली जाते. हे तिकीट पाकिटावर बसून गावोगावच्या दारांपर्यंत पोहोचले. आयुष्यभर प्रवास करणाऱ्या छायाचित्रकाराला हे स्मारक अगदी शोभून दिसते.

या जीवनकथेतून समाजाने घ्यावयाचा बोध साधा आहे. प्रत्येक मंदिराच्या कपाटात, प्रत्येक जुन्या वाड्याच्या माळ्यावर काही पिवळी पडलेली छायाचित्रे असतात. पंचकल्याणक महोत्सव, साधु-साध्वींचा चातुर्मास, पाठशाळेचा पहिला वर्ग, जीर्णोद्धारापूर्वीचे शिखर, अशी अनमोल दृश्ये त्यांत दडलेली असतात. परंतु बहुतेक छायाचित्रांच्या मागे एक अक्षरही लिहिलेले नसते. त्यांतील चेहरे ओळखणारी वृद्ध मंडळी आज हयात आहेत. ती गेल्यावर त्या चित्रांतील माणसे दुष्काळाच्या गर्दीतील माणसांसारखीच निनावी होतील. घरातील आजी-आजोबांजवळ बसून, छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवणे, एवढे काम तरी प्रत्येक कुटुंबाला सहज करता येण्यासारखे आहे.

राजा दीनदयाळ यांनी हेच काम आयुष्यभर मोठ्या निष्ठेने केले. बैलगाडीतून, उन्हातान्हातून, जंगलांतून त्यांनी काचा वाहून नेल्या, त्यावर काळ थांबवला आणि खाली स्थळाचे नाव लिहिले. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्या छायाचित्रांना आपला परिचय करून देण्यासाठी दुसऱ्या कुणाची गरज भासत नाही. सरधन्याच्या या सुपुत्राच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!